वेळ कोणाची, सोसायचं कोणी

इंदापूरकर : योहानाचं शुभवर्तमान वाचताना मला सगळ्यात आधी खटकतं ते येशूचं घड्याळ. कानाच्या लग्नात द्राक्षारस संपला म्हणून आई सांगायला येते, तर हा आपली वेळ अजून यायची आहे म्हणून हात वर करतो. भाऊ सणाला चल म्हणतात, तेव्हाही तेच उत्तर. मंदिरात उघड शिकवतो, धरायला माणसं टपलेली आहेत, पण हात कोणी टाकत नाही. का, तर वेळ आलेली नाही. मग बाराव्या अध्यायात वेळ येते आणि तिथून पुढे सगळं उतारावरच्या गाडीसारखं सरळ वधस्तंभाकडे. आता हे लिहिलं गेलं केव्हा? अभ्यासकांच्या सर्वसाधारण मताने घटना होऊन साठेक वर्षं उलटल्यावर. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला प्रत्येक पायरी शेवटाकडेच जाताना दिसणार. गावात कोणी मोठा माणूस गेला की तेराव्याला सांगतातच ना, ‘त्यांना आधीच चाहूल लागली होती बघा.’ आणि इतकं करून घड्याळं जुळतात का? मार्क, मत्तय आणि लूक यांच्याकडे शेवटचं भोजन हेच यहूद्यांच्या वल्हांडण सणाचं भोजन. म्हणजे येशू गेला तो सणाच्या दिवशी. योहानाकडे मात्र त्याला रोमन सुभेदार पिलाताकडे आणणारी मंडळी वाड्यात पाऊल टाकत नाहीत, कारण विटाळ झाला तर वल्हांडणाचं जेवण चुकेल. म्हणजे सण अजून व्हायचाय. मार्क सांगतो सकाळी नऊच्या सुमारास त्याला खिळलं. योहानाच्या हिशेबाने दुपारी बारापर्यंत तो पिलातासमोरच उभा आहे. जी वेळ जगाच्या आरंभापासून नेमलेली होती म्हणता, ती निदान लिहिणाऱ्यांना तरी एकसारखी सांगता यायला हवी होती.

बारामतीकर : हा फरक तुम्ही शोधून काढलेला नाही, पहिल्या काही शतकांपासून वाचणाऱ्यांना तो माहीत आहे. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या गृहस्थाने चारही कथनं एकत्र ओवून एक सलग पोथी केली. सिरियातल्या मंडळ्यांत ती बराच काळ चालली. पण अखेर राहिली ती चारच, एकमेकांशी न जुळणारी. वेळापत्रक रचायचं असतं तर ते जुळवून घेणं किती सोपं होतं! योहानाला कशात रस आहे ते बघा. निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, पौर्णिमेच्या तोंडाशी, यरुशलेमच्या मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापली जायची. यहूदी मिसरातल्या गुलामीतून सुटले त्या रात्रीची ती आठवण. कोकरू निवडायचं, चौदावीपर्यंत घरात सांभाळायचं, दिवेलागणीला कापायचं, त्याचं हाड मोडायचं नाही. योहान येशूला नेमका त्याच दिवशी मरताना दाखवतो आणि शिपायांनी त्याचे पाय मोडले नाहीत हेही मुद्दाम नोंदवतो. तुम्ही त्याला पंचांग विचारताय. तो बळी कोणाचा पडला हे सांगतोय. आपल्याकडे नेमलेल्या वेळेची ही गोष्ट मांडली ती थॉमस स्टीफन्सने. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ओव्यांत. त्याने पुराणाचे दोन भाग केले. पहिल्यात आदामापासूनचा सगळा जुना करार, दुसऱ्यात येशू. पहिलं पुराणच्या पुराण वाट बघण्यात जातं. पौल गलतीकरांना लिहितो की काळ पुरता भरल्यावर देवाने पुत्राला पाठवलं, तर ते भरणं म्हणजे काय हे त्या पहिल्या पुराणाच्या लांबीवरून कळतं.

इंदापूरकर : वाट बघण्याचं कौतुक वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी करावं. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतोय. पाणी तुमच्या तालुक्यातून खाली येतं आणि आम्ही टेलला. आवर्तन ठरतं ते आम्ही नसलेल्या बैठकीत. पाटकरी सांगतो, अमक्या तारखेला पाणी सुटणार, धीर धरा. वर उपसा होतो, चाऱ्या फुटतात, आणि पाणी आमच्या चारीला लागतं तेव्हा ऊस पिवळा पडलेला असतो. ‘तारीख ठरलेलीच होती’ असं ऐकून टेलवाल्याचं समाधान होतं असं वाटतं तुम्हाला? मला लाजरची गोष्ट वाचताना हेच आठवतं. बेथानीहून निरोप येतो, तुझा जीवलग आजारी आहे. आणि योहान काय लिहितो? येशूचं त्या भावंडांवर प्रेम होतं, म्हणून तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. ‘म्हणून’! पोचतो तेव्हा लाजरला थडग्यात ठेवून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था तोंडावर सांगते, तू इथे असतास तर भाऊ गेला नसता. खरं बोलली बाई. ज्याच्या हातात वेळ आहे त्याचा उशीर हा उशीर नसतो, योजना असते. मरणाऱ्याला मात्र तो उशीरच असतो. आमच्या तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. तिथल्या देवानेही वेळ साधली होती. दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको, म्हणून तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर. वराची एकेक अट चुकवून. पण तोवर प्रल्हादाला डोंगरावरून ढकललं, आगीत बसवलं, हत्तीच्या पायी दिलं. देव वेळेवर आला असं म्हणायला वेळ ठरवणारा मोकळा. डोंगरावरून पडताना पोराला काय वाटलं, ते कोण विचारतं?

बारामतीकर : नरसिंहपूर तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण फरक तिथेच उघडा पडतो. वल्हांडणाचं कोकरूही तिन्हीसांजेलाच कापायचं, नरसिंहही तिन्हीसांजेलाच प्रकटला. पण उंबऱ्यावर पोट फाडलं गेलं ते शत्रूचं. योहानाच्या गोष्टीत येणाऱ्याचंच शरीर फाडलं जातं. वेळ साधून शत्रूला गाठणं ही एक गोष्ट; वेळ येईपर्यंत टाळत राहणं आणि आली की स्वतः पुढे होणं ही दुसरी. लाजरची गोष्टही पुढे वाचा ना. येशू यहूदियात परत निघतो म्हटल्यावर शिष्य घाबरतात, कारण तिथे नुकतेच लोक त्याला धोंडे मारायला उठले होते. तरी तो जातो. मार्थाचा ठपका योहानाने झाकलेला नाही. दुसऱ्या बहिणीच्या, मरीयेच्या तोंडीही तोच पुन्हा येतो आणि येशू रडतो. लाजर उठतो, आणि ती बातमी यरुशलेमात पोचल्यावर धर्मसभा बसते आणि येशूला मारायचं ठरतं. म्हणजे त्या उशिराने लाजरला जीव मिळाला आणि उशीर करणाऱ्याला मरण. तुमचा पाटकरी स्वतःचा ऊस वाळवून तुमच्या चारीला पाणी सोडतो का?

(लिहिणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये, पण इथे घालतो. बारामतीकरांनी उत्तर दिलं ते येशूने काय मोजलं याचं. इंदापूरकरांनी विचारलं होतं मार्थाने काय मोजलं. चार दिवसांचा तिचा शोक लाजर परत आल्याने पुसला गेला का, हे शुभवर्तमानात लिहिलेलं नाही आणि बारामतीकरांनीही तिकडे बघायचं टाळलं. वाद चांगला चालला असला की असं होतं.)

इंदापूरकर : धर्मसभेपर्यंत आणलंत, आता तिथेच थांबा. त्या सभेत मुख्य याजक कयफा काय म्हणतो? तुम्हाला कळत कसं नाही, सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरावं हे सोयीचं. रोमन येतील, मंदिर घेतील, देश घेतील. त्यापेक्षा एक गेला तर काय बिघडलं? हे राजकारण मला समजतं, कारण मी उजनीच्या पाण्याकाठचा. 1980 मध्ये धरण पुरं झालं, पण गावं त्याआधीच उठली होती. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ अजून पाण्यात आहे. धरण तळाला गेलं की आधी शिखर दिसायला लागतं, मग सभामंडप, मग वीरगळ. लोक फोटो काढायला गाड्या घेऊन येतात. जुन्या माणसांना मात्र देवळाच्या कोणत्या बाजूला कोणाचं घर होतं ते आठवतं. त्यांनाही हेच सांगितलं गेलं : थोड्यांनी सोसायचं, पुष्कळांचं कल्याण होईल. कल्याण झालंही, खोटं कशाला बोलू. माझा ऊसही काही वर्षं त्याच पाण्यावर उभा होता. पण ज्याने सांगितलं तो उठून गेला नाही. आता गंमत बघा. तुमचा योहान कयफाच्या वाक्यावर संतापत नाही. तो म्हणतो, हे कयफा आपल्या मनाने बोलला नाही, त्या वर्षीचा मुख्य याजक असल्यामुळे त्याच्या तोंडून भविष्यवाणी निघाली! म्हणजे खुनाचा हिशेब करणाऱ्याच्या तोंडचं वाक्य उचललं आणि त्याचाच सिद्धांत केला. एकाने पुष्कळांसाठी मरावं. मग कयफा चुकला कुठे? चिलया बाळाची गोष्ट आम्हीही लहानपणी ऐकली. अतिथीसाठी चांगुणेने पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडलं. पोरगं परत मिळालं म्हणून गोष्ट गोड झाली. मिळालं नसतं तर तिला कोणी भक्ती म्हटलं असतं का?

बारामतीकर : कयफा चुकला तो कर्त्यात. दुसऱ्याने मरावं असं तो म्हणाला. तेच वाक्य ‘मी मरतो’ असं म्हटलं की ते दुसरंच वाक्य होतं. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की माझा जीव कोणी हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. इथे सगळी मेख आहे, आणि ती मला पोथीपेक्षा केडगावात जास्त कळली. दौंड तालुका म्हणजे आपल्या दोघांच्या शेजारचाच. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेले. ती आणि भाऊ पायपीट करत वाचले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, ते पुण्याला आणलं, आणि पुण्यात वादळ उठल्यावर सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले. केडगावची जमीन तिने घेतली होती ती फळबागेसाठी. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली घेऊन आली. त्यातूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळ म्हणजे काय हे ज्या बाईच्या हाडांत मुरलं होतं, तिला ती वेळ ओळखू आली. मुंबईपुण्यातल्या शेकडो सुशिक्षितांनी तेच वर्तमानपत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. याला तुम्ही काय म्हणता? मी याला देवाची वेळ म्हणतो, आणि तिची किंमत बाईने स्वतः मोजली.

इंदापूरकर : बाईला मी हात जोडतो. पण तिच्या मागेपुढे जे दुष्काळाला देवाने पिकवलेलं शेत समजत होते, त्यांचं काय? त्या काळच्या मिशनरी लिखाणात दुष्काळाबद्दल सुगीची भाषा सर्रास येते. भुकेलेला माणूस दारात उभा आहे आणि आत बसलेला म्हणतो, परमेश्वराने वेळ आणली! तुमची कर्त्याची कसोटी इथे लावा. सोसतोय उपाशी, वेळ ओळखतोय पोट भरलेला. आणि रमाबाईंचंच घ्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने एकटीने अख्खं बायबल मराठीत आणलं, खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. लोक सांगतात की आजारी पडल्यावर तिने देवाकडे दहा दिवस मागितले, शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 ला तिने डोळे मिटले. छापील बायबल दोन वर्षांनी बाहेर आलं. गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण आदल्याच वर्षी तिची एकुलती एक लेक मनोरमा गेली होती. तिच्याच हाती हे सगळं सोपवायचं होतं. मुद्रितांना दहा दिवस मिळाले, लेकीला दहा वर्षं मिळाली नाहीत. वेळेचं गणित सांगताना पहिली गोष्ट सांगतात, दुसरी सांगत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यामागे ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. 1919 मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते; उरलेलं बहुतेक काम बाईंनी ओढलं आणि पुस्तक छापून आलं 1938 मध्ये, त्याही गेल्यावर. तिथे कोणी दहा दिवस दिले नाहीत. म्हणून मला वाटतं, जिथे वेळ जमली तिथे देव दिसतो आणि जिथे हुकली तिथे आपण पान उलटतो.

बारामतीकर : मनोरमेचं मला उत्तर देता येत नाही, आणि देणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही. सुगीच्या भाषेबद्दलही तुमचं मान्य. बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी मिशन चालवलं, त्यांनी केलेलं काम आणि त्यांनी लिहिलेले अहवाल या दोन्ही गोष्टी माझ्या वारशाच्या. कामाचा अभिमान आहे, भाषेचा नेहमी नाही. पण यातून मी जे काढतो ते तुमच्यापेक्षा वेगळं आहे. येशू स्वतः म्हणतो की तो शेवटचा दिवस, ती घटका कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मार्काने हे तसंच ठेवलंय. पुढच्या विद्वानांची त्या वाक्याने किती पंचाईत केली! म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याची वेळ सांगायचा अधिकार शुभवर्तमान कोणालाच देत नाही. स्वतःची वेळ ओळखता येते, तीही आत शिरल्यावर. मोरोपंत याच बारामतीत बसून देवाला हाका मारत राहिले, मोराने ढगाला माराव्यात तशा. ‘केकावली’त ते विनवतात, भांडतात, देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण करून देतात, तारीख मात्र सांगत नाहीत. मला ती भाषा गेथशेमानेच्या बागेच्या जवळची वाटते.

इंदापूरकर : बागेचं नाव तुम्हीच काढलंत. आता सांगा, बाग कोणाची खरी? मार्काच्या बागेत येशू जमिनीवर पडतो आणि मागतो की जमत असेल तर ही घटका टळू दे, हा प्याला बाजूला कर. घाबरलेला, एकटा, मित्र झोपलेले. योहानाकडे हा प्रसंगच नाही. उलट बाराव्या अध्यायात येशू जणू कोणाला तरी उत्तर देतो : या घटकेतून मला सोडव असं मी कशाला म्हणू, याचसाठी तर आलो. एकाने पाय मागे घेतला, दुसऱ्याने तो प्रसंग खोडून वर ठणकावून सांगितलं की घेतला नव्हता. आपण होऊन जीव देणारा येशू योहानाचा. तुमची कर्त्याची कसोटी त्याच्यावर उभी आहे. मार्काचा येशू त्या कसोटीत बसत नाही. त्याच्याकडून जीव मागितला जातोय, आणि मागणारा वर आहे, गप्प आहे. तो गप्प बसणारा आणि कयफा यांच्यात फरक काय, एवढंच मला सांगा. दोघांनाही पुष्कळांसाठी एक हवा आहे.

बारामतीकर : सांगतो, पण आधी तुम्ही अजून न काढलेला दाखला मीच काढतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवला. बेथलेहेमची मुलं. हेरोदाने दोन वर्षांच्या आतली पोरं कापली. येशू तेवढा रातोरात मिसरला नेला होता, कारण त्याची वेळ आली नव्हती. बाकीच्यांची आली होती का? मंडळीने 28 डिसेंबर त्यांच्या नावाने राखून ठेवला, त्यांना हुतात्मे म्हटलं. पण मत्तय काय करतो ते बघा. एरवी बहुतेक ठिकाणी तो सांगतो की संदेष्ट्याने म्हटलेलं पुरं व्हावं म्हणून हे घडलं. इथे ‘व्हावं म्हणून’ तो लिहीत नाही. एवढंच लिहितो की तेव्हा संदेष्ट्याचं ते बोलणं खरं ठरलं, आणि राहेलीला रडताना दाखवतो, सांत्वन नाकारताना. देवाच्या वेळेवर सगळा ग्रंथ उभा करणाऱ्याने त्या पोरांच्या मरणाला हेतू लावला नाही.

इंदापूरकर : म्हणजे काही मरणांना हेतू चिकटवता येत नाही हे लिहिणाऱ्याला कळत होतं. मग तोच पुढे वधस्तंभाला हेतू लावतो तो कशाच्या जोरावर?

बारामतीकर : त्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं. याने होकार दिला.

इंदापूरकर : तीनदा नको म्हणून झाल्यावर.

बारामतीकर : म्हणूनच तर मी त्या होकारावर विश्वास ठेवतो. एका दमात हो म्हणाला असता तर मला तो चिलया बाळासारखा पढवलेला वाटला असता.

इंदापूरकर : मला नेमकं उलट वाटतं. तीनदा नको म्हणणाऱ्याची चौथ्यांदा घेतलेली सही आम्ही भूसंपादनात पुष्कळ पाहिली.

बारामतीकर : भूसंपादनात मागणारा स्वतःची जमीन देत नाही. इथे मागणारा आणि देणारा एकच आहे, हेच आमचं म्हणणं. बाप वर सुरक्षित आणि मुलगा खाली खिळलेला, असं ते नाही.

इंदापूरकर : एकच असेल, तर त्या रात्री बागेत तो बोलत कोणाशी होता?